इन्चार्ज सिस्टर नीतीने वागणारी असेल तर स्टाफला आपल्या हॉस्पिटलचा खरंच अभिमान वाटतो का, की हे पुस्तकातच?

वाटतो. पण इन्चार्जने स्वतः सरळ असून भागत नाही, तो सरळपणा स्टाफला दिसावा लागतो. ब्राउन, ट्रेविन्यो आणि हॅरिसन यांनी २००५ मध्ये केलेल्या नैतिक नेतृत्वाच्या व्याख्येतही स्वतःचं वागणं हा निम्माच भाग आहे. बोलण्यातून, ऐकून घेण्यातून, निर्णयांतून ते हाताखालच्यांपर्यंत पोचवणं हा उरलेला.

मी दोन्ही तऱ्हा पाहिल्यात. माझ्या पहिल्या वॉर्डात इन्सिडेंट रजिस्टर, म्हणजे चुका नोंदवायची वही, कोरं असायचं आणि त्याचं कौतुक व्हायचं. लिहिलं की मेमो, मग लिहिणार कोण? तिथल्या सिस्टर अगदी प्रामाणिक होत्या, पण वरून विचारणा झाली की आम्हाला पुढे करायच्या. योग्य काय ते कळतं आणि करता येत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नावही दिलंय, नैतिक क्लेश. आम्ही तिला नाईटचा थकवा समजायचो.

दुसऱ्या ठिकाणी एकदा पहाटे तीनला आयव्ही, म्हणजे शिरेतली नळी, फ्लश करायला मी सलाईनऐवजी पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल फोडलं. सिरिंजमध्ये ओढण्याआधी लेबल वाचलं म्हणून निभावलं, नाहीतर तसंच शिरेत गेलं असतं तर पेशंटचं हृदय बंद पडलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. तरी सकाळी सांगितलं. सिस्टरांनी आधी ट्रे मागवला. दोन्ही अँप्यूल एकाच खणात, एकाच आकाराची. ड्युटी बदलताना हँडओव्हरला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा ट्रे असा लावायला मीच सांगितलं होतं." दुपारपर्यंत पोटॅशियम कुलपात गेलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली, मेमो कुणालाच नाही.

मग रजिस्टर भरायला लागलं. वरच्यांना वाटलं, वॉर्ड बिघडला. नोंदी वाढल्यात, चुका नव्हे, हे त्यांना पटवता पटवता सिस्टरांचे कित्येक महिने गेले.

एक मात्र आहे. अभिमानाने वॉर्डातला स्टाफ वाढत नाही. एकीच्या गळ्यात तिघींचे पेशंट मारून वर "आपलं कुटुंब" म्हणणाऱ्या व्यवस्थापनाचा मला रागच येतो.

पहिल्या ठिकाणी असताना आईचं हर्नियाचं ऑपरेशन मी मुद्दाम दुसरीकडे करवून घेतलं होतं. दुसऱ्या बाजूचं झालं तेव्हा ती माझ्याच वॉर्डात होती, आणि त्या रात्री मी घरी जाऊन झोपले.