खाली बसले आणि उठताच आलं नाही तर?

गेल्या वर्षभरात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पाच-सहा वेळा ऐकला, बायका जास्त पण दोन पुरुषही होते त्यात. जिम लावलीय, वजनं वाढतायत, बरंही वाटतंय, पण स्क्वॉटचं, म्हणजे गुडघ्यात वाकून खाली जाऊन परत उठायच्या व्यायामाचं नाव काढलं की अंगावर काटा येतो, काहीतरी कारण काढून टाळलं जातं. हा आळस आहे का? की गुडघे खरंच जातात म्हणून मनच सावध करतंय?

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे आलेल्या एकीची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. नाव देत नाही, ताई म्हणू, मी त्यांना तसंच म्हणायचे.

ताई ५१ वर्षांच्या, फोंड्याजवळच्या एका गावातल्या, पणजीला सरकारी ऑफिसात नोकरी, रोज बसने ये-जा. माझ्याकडे आल्या त्या स्क्वॉटसाठी नाहीच. पाळी थांबल्यावर झोप उडाली होती, चिडचिड, घरात शब्दाला शब्द, त्यासाठी आल्या. जिम मुलीने लावून दिलेली. तिसऱ्या सेशनला, जून महिना, बाहेर धो धो पाऊस, छत्री कोपऱ्यात ठेवता ठेवता म्हणाल्या, "आज त्या जिमवाल्या पोराशी भांडून आले."

पोरगा म्हणजे ट्रेनर, पंचविशीचा असेल. तो कोंकणीत ओरडतो "आंटी, आनीक सकयल, आनीक सकयल!", म्हणजे अजून खाली, आणि ताई चार इंच वाकून परत उभ्या. (आंटी म्हटल्याचा रागही त्यात होताच, तो वेगळा विषय.) त्याच ताई रोईंगला २५ किलो ओढत होत्या, डंबेल ५ वरून साडेसातवर नेलेलं, चार महिने नियमित. फक्त बुधवारी, म्हणजे पायांच्या दिवशी, कधी ऑफिसात काम निघायचं, कधी पाऊस फार, कधी पाहुणे. मी विचारलं, पाहुणे नेमके बुधवारीच कसे हो येतात? तर हसल्या, मग गप्प झाल्या.

गुडघा दुखतो म्हणाल्या म्हणून मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी कायम करते, मला गुडघ्यातलं कळत नाही आणि कळतं असं दाखवायचंही नाही. सूज येत असेल, गुडघा मधेच अडकत असेल, पाय दगा देत असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल तर आधी डॉक्टर, मन नंतर. ताईंचं यातलं काही नव्हतं. एक्स-रेमध्ये थोडी झीज होती, डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे आहे, व्यायाम चालू ठेवा. ताईंनी त्यातला एकच शब्द घरी नेला, "झीज".

हा शब्दच वाईट आहे आपला. उंबरा झिजतो, चंदन झिजतं, आणि झिजलेलं परत भरत नाही, म्हणजे जितकं वाकवू तितकं लवकर संपणार असा साधा हिशोब त्यांनी मांडला, जणू गुडघा म्हणजे साबणाची वडी. प्रत्यक्षात एक्स-रेत दिसणारी झीज आणि होणारं दुखणं यांचं गणित बरेचदा जुळतच नाही, चित्र वाईट आणि माणूस टुणटुणीत असंही असतं, उलटंही असतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर सांध्यांच्या झिजेच्या सगळ्याच पेशंटना व्यायाम द्या असं आहे, आणि सुरुवातीला थोडं दुखेल पण नेमाने केलं तर फायदा होईल हे त्यांना सांगा असंही आहे.

आता माझी पहिली चूक. हे सगळं मी ताईंना सांगत बसले. शिवाय ही भीती कुठून आली तेही सांगितलं, म्हणजे १९६१ मध्ये टेक्सासच्या कार्ल क्लाइन नावाच्या संशोधकाने लिहिलं की पूर्ण खाली जाणाऱ्या स्क्वॉटने गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारे बंध, सैल पडतात, ते सगळीकडे पसरलं, शाळा-कॉलेजातले कोच घाबरले, आणि पुढच्या अभ्यासांमध्ये ते तसं काही सापडलं नाही तरी भीती मात्र राहिली ती राहिलीच. ताईंनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. "इंटरेस्टिंग आहे हो मॅडम," म्हणाल्या. आणि पुढच्या बुधवारी परत पाहुणे.

मग दुसरी चूक. मला वाटलं शाळेतल्या उठाबशा! कान धरून, वर्गासमोर, पोरं हसतायत, तेच कुठेतरी अडकलंय. विचारलं तर खरंच सातवीत एकदा पन्नास काढायला लावलेल्या निघाल्या. मी मनातल्या मनात खूष, सापडलं म्हणून. ताई म्हणाल्या, "अहो ते सगळ्यांनाच होतं, आम्ही तर मोजताना ढापायचो." संपला विषय. आमच्या धंद्यात हा मोह फार असतो, बालपणात हात घातला की काहीतरी लागतंच हाताला आणि तेच कारण वाटायला लागतं.

शेवटी साधा प्रश्न विचारला, तो आधीच विचारायला हवा होता. डोळे मिटा, तो पोरगा सकयल सकयल म्हणतोय, तुम्ही वाकताय. आता काय दिसतं?

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आई दिसते."

सोळा वर्षांपूर्वी शेजारच्या वाड्यावर तुळशीचं लग्न होतं. आई तेव्हा ६२ ची. पाटावर बसली आणि उठताच येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग तिघा बाप्यांनी काखेत हात घालून उचललं, साडी सरकली, पदर पडला. "कोण हसलं नाही मॅडम. तेच जास्त लागलं." त्यानंतर आई कधी खाली बसली नाही. आधी पाट सुटला, मग लोकांच्या घरी खुर्ची मागायची लाज म्हणून जाणं सुटलं, मग देवळात जाणं कमी झालं. आणि या सगळ्याला घरात "गुडघे गेले" हे एकच नाव होतं.

म्हणजे ताईंची भीती गुडघा मोडायची नव्हती. चारचौघांत खाली अडकून पडायची होती, आणि तिला जिममध्ये सात-आठ तरुण पोरं बघायला हजर. हालचालीच्या भीतीला आमच्याकडे कायनेसिओफोबिया असा भारदस्त शब्द आहे, पण फिरतं कसं ते कळलं की पुरे. भीती म्हणून टाळायचं, टाळल्याने मांड्या कमजोर होणार, कमजोर झाल्या की खरोखरच उठता येत नाही, मग भीती बरोबर होती असं वाटायला लागतं. आईचं तेच झालं होतं आणि ताईंनी ते जवळून पाहिलं होतं, त्यामुळे तुमची भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार.

त्याऐवजी विचारलं, बरं, अडकलात खाली. मग पुढे?

याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. खूप जणांकडे नसतं, भीतीचा सिनेमा अडकण्यावर येऊन थांबतो, पुढचं रीळ कोणी बघितलेलंच नसतं. मग आम्ही ट्रेनरला फोन लावला, ताईंसमोरच. मी विचारलं, रॉड घेऊन खाली गेलं आणि उठता आलं नाही तर काय करायचं असतं? तो म्हणाला, काही नाही, रॅकला, म्हणजे रॉड ठेवायच्या चौकटीला, दोन्ही बाजूला आडव्या पट्ट्या असतात, आपल्या उंचीला लावायच्या, रॉड त्यांच्यावर टेकवायचा आणि खालून बाहेर यायचं. ताई म्हणाल्या, "हे मला चार महिन्यांत कोणी सांगितलंच नाही!" पोरगा बिचारा म्हणाला, आंटी, तुम्ही कधी रॉडजवळ आलाच नाहीत.

त्यामुळे आम्ही क्रम उलटा लावला. आधी अडकायचं शिकायचं, मग उठायचं. घरी खोलीचं दार लावून जमिनीवर बसायचं आणि भिंत न धरता उठायची रीत शिकायची, आधी चारही हातापायांवर यायचं, मग एक पाऊल पुढे, त्या मांडीवर हात, आणि वर. दिवसातून दोनदा, बस. आठवड्याने ताई म्हणाल्या की दिसायला गबाळं दिसतं पण उठता येतं. हे वाक्य त्या स्वतः बोलल्या म्हणून त्याला वजन. बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेलं आहे की मला हे जमेल हा विश्वास यायला सगळ्यात पक्का आधार स्वतः करून बघितल्याचा असतो, समजावून सांगितल्याचा त्या मानाने कच्चा. क्लाइनची कथा का वाया गेली ते यात आलं.

मग शिडी केली. प्रत्येक पायरीला भीतीचे मार्क शंभरपैकी. जेवणाच्या खुर्चीवर दोन उशा ठेवून बसणं-उठणं १०, उशा काढून २५, बुटक्या स्टुलावर ५०, जिममध्ये बाकावर टेकून ७०, तेच पोरं असताना ८५, आणि मोकळा रॉड, तो त्यांच्या जिममध्ये २० किलोचाच आहे, ९५. भीती निम्म्यावर आली की पुढची पायरी, आधी नाही. तंत्र ट्रेनरचं, गुडघा डॉक्टरांचा, माझ्याकडे फक्त मार्क. ट्रेनरला एकच विनंती केली, सकयल म्हणू नकोस, बाक किती उंच ठेवायचा ते ताईंना ठरवू दे. त्याने आंटी म्हणणं काही सोडलं नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. जुलैत एका रविवारी उत्साहाच्या भरात त्यांनी घरी ६० बैठका काढल्या, सोमवारी ठीक, मंगळवारी सकाळी फोन, "मॅडम गेले माझे पाय, संडासात बसवत नाही, भिंतीला धरून उतरतेय." आवाजात रडू. विचारलं, कुठे दुखतंय, सांध्यात की मांडीत? मांडीत. सूज? नाही. सवय नसलेल्या व्यायामानंतर स्नायू असे एक-दोन दिवसांनी जास्त ठणकतात आणि तीन-चार दिवसांत निवळतात, हे ट्रेनरने आधी सांगितलेलंही होतं, पण त्या सकाळी त्यांना परत आईच दिसली. शुक्रवारी बऱ्या झाल्या. त्यानंतर एक नियम ठरला, डॉक्टरांना विचारूनच, की करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं झालं तर चालू, त्याच्या वर गेलं किंवा रेंगाळलं तर पुढच्या वेळी कमी, सुट्टी नाही.

एक गोष्ट मला स्वतःला मजेशीर वाटली. सुरुवातीला हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलेलं, नऊ. तीनच आठवड्यांत बारा. मांड्या काही इतक्या लवकर भरत नाहीत, सुरुवातीची ताकद बरीचशी मेंदू आणि नसा, आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकतात त्यातून येते. ताईंना हे फार आवडलं, म्हणजे ताकद होतीच, वापरत नव्हते.

चवथीला गावच्या घरी दोन दिवस नेवऱ्या (करंज्या) करायला सगळ्या बायका खाली बसतात. ताई गेली काही वर्षं तळायचं काम मागून घ्यायच्या, कारण ते उभ्याने. या वेळी लाटायला बसल्या. उठताना जावेने आपसूक हात पुढे केला, आणि यांनी तो धरला. मला सांगताना जरा खट्टू होत्या, न धरता उठणार होते म्हणून. मी म्हटलं जावेचा हात कशाला नाकारायचा, अडकलात असं वाटलं का? म्हणाल्या, नाही, ते मनातच आलं नाही.

रॉडखाली त्या ऑक्टोबरात गेल्या. पहिल्या दिवशी ट्रेनरने मोकळा रॉड मुद्दाम पट्ट्यांवर टाकायला लावला, तीनदा. खण्णकन आवाज झाला, सगळी पोरं वळून बघायला लागली, आणि परत आपापल्या मोबाईलमध्ये. ताईंचा फोन आला, "कोणाला काही पडलेलीच नाही हो!" मला वाटतं माझ्या सगळ्या सेशनांपेक्षा त्या आवाजाने जास्त काम केलं.

स्क्वॉट केलाच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या एवढंच आहे, कुठला ते नाही, लेगप्रेस करा, जिने चढा. ज्याला नको त्याने सोडावा. पण आवडत नाही म्हणून सोडणं वेगळं आणि पाहुणे आले म्हणून सोडणं वेगळं, आणि तुम्ही कुठल्यातले आहात ते बुधवारच्या सकाळी तुमच्या पोटाला बरोबर माहीत असतं.

आई आता ७८ ची आहे. ताईंनी तिला सांगितलं नाही, नुसत्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि उठ-बस करायला लागल्या. चौथ्या दिवशी आई म्हणाली, मी करू? मला याचं फार नवल वाटलं नाही, १९९० मध्ये बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिलेला, पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. आई हात टेकून पाच करते, कधी सात. पाटावर बसायचं नाव काढत नाही आणि ताईही काढत नाहीत.

ताई सध्या ३५ किलोवर आहेत, पाच वेळा, बाकाशिवाय. बसची पहिली उंच पायरी दांडा न ओढता चढतात, ते त्यांना ३५ पेक्षा मोठं वाटतं. ४० लावायचं म्हटलं की अजून पोटात गोळा येतो म्हणाल्या. तो मी काढायला गेले नाही, ४० किलो खांद्यावर घेताना थोडा असावाच.