सरांचा पुतळा की सरांची वही?

प्रश्न : आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवणारे आणि निवृत्तीनंतरही मुलांना धावायला शिकवत राहिलेले आमचे सर गेल्या माघात वारले. आमचा भाग माण तालुक्यातला, म्हणजे बाजरी, रब्बी ज्वारी आणि मेंढरांचा. शाळेला धड मैदान नव्हते, म्हणून सरांनी स्वतःच्या रानातला सुमारे एकराचा तुकडा कित्येक वर्षे पेरलाच नाही आणि त्यावर फक्कीने धावपट्टी आखून दिली. पहाटे बैलांना वैरण टाकून ते पाचला तिथे उभे असत. आमच्यापैकी बरेच जण आज सैन्यात आणि पोलिसांत आहेत, दोघी राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या. आता माजी विद्यार्थ्यांनी तीन लाख रुपये जमवले आहेत. काहींना शाळेच्या दारात अर्धपुतळा हवा आहे, तर काहींना दरवर्षी मॅरेथॉन. सरांचे चिरंजीव पुण्यात असतात आणि त्या तुकड्यात डाळिंब लावायचा त्यांचा विचार आहे. आम्हाला एक स्मरणपुस्तिकाही काढायची आहे, पण सुरुवातीच्या काळात सर छडी वापरत आणि पुढे त्यांनी ती सोडली, हे त्यात लिहावे की नाही यावर एकमत होत नाही. सरांच्या वह्यांचे एक गाठोडे माळ्यावर आहे, असे काकू म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक माजी विद्यार्थिनी, जिल्हा सातारा

उत्तर : पत्राच्या शेवटी आपण जे वाक्य जाता जाता लिहिले आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुतळा पुढच्या वर्षीही करता येईल, पण माळ्यावरच्या गाठोड्याला कसर आणि उंदीर लागले तर पुढच्या वर्षी तिथे काय उरेल, हे सांगता येत नाही. म्हणून सर्वांत आधी काकूंकडे जा, त्यांची परवानगी घ्या आणि गाठोडे सोडण्यापूर्वी ते आहे तसे त्याचे छायाचित्र काढा, कारण वह्यांवर तारखा नसतील तर कोणती वही कोणत्या वहीखाली होती यावरूनच त्यांचा क्रम लावावा लागतो. प्रत्येक पानाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्या, गंजलेल्या टाचण्या अलगद काढा, आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावण्याचा किंवा ती लॅमिनेट करून आणण्याचा मोह टाळा. मूळ वह्या जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधून काकूंच्याच घरी राहू द्या. त्या वह्या शाळेच्या कपाटात गेल्या, तर मुख्याध्यापक बदलल्यावर कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे विचारत फिरण्याची वेळ येते.

वह्यांत बहुधा गौरवाचे काही सापडणार नाही. कोणत्या मुलीने कोणत्या दिवशी किती फेऱ्या मारल्या, कोणाचा घोटा सुजला, पाऊस कधी पडला, कडबा किती पेंढ्या झाला, डेअरीचा हिशोब किती निघाला, हे सारे एकाच पानावर असेल. छापताना त्यातला शेतीचा मजकूर गाळू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खेळाची वेळ आणि रानाची वेळ या माणसाने एकमेकांत कशी बसवली, सुगीत सराव किती कमी केला आणि रान मोकळे झाल्यावर किती वाढवला, हे त्या शेजारशेजारच्या नोंदींतूनच कळेल. शेतकऱ्यांच्या मुलांना घडवणाऱ्या शिक्षकाची खरी विद्या तीच होती, आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीत ती शिकवत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातले खाशाबा जाधव आठवून पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक पदकविजेता ठरला. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले ही हकीकत, आणि परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ही हकीकत, आपल्याकडे पुष्कळांना पाठ असते. परंतु त्यांना लहानपणी मातीत उतरवणारे त्यांचे शेतकरी वडील दादासाहेब, त्यांना शिकवणारे बेलापुरे गुरुजी आणि कोल्हापुरातले गोविंद पुरंदरे यांची नावे बहुतेक लेखांत एकेका ओळीत येऊन जातात. घर गहाण ठेवण्याची गोष्ट सांगायला सोपी असते, कारण ती एका दिवसात घडते. रोज पहाटे एका पोराकडून काय करून घेतले, त्याची गोष्ट अशी एका दमात सांगता येत नाही, आणि ज्यांच्याकडून ते करून घेतले त्यांनीच ती लिहिली नाही तर ती नाहीशी होते.

तेव्हा पुस्तिकेसाठी आठवणी मागवताना ‘सर कसे होते’ असा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर शिस्तप्रिय, प्रेमळ, निःस्वार्थी या तीन विशेषणांत येते आणि सगळे लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात. पहिल्या दिवशी सरांनी किती पळवले, अनवाणी पळू दिले की नाही, धावण्याआधी काय खाऊ देत नसत, पोलीस भरतीच्या तयारीत आणि शालेय स्पर्धेच्या तयारीत फरक काय करत, स्पर्धेत मागे पडलेल्या मुलाशी येताना एस.टी.त काय बोलत, असे विचारा. मुलीला पहाटे अंधारात पाठवायला कोणत्या घरी नकार मिळाला आणि सरांनी, किंवा कदाचित काकूंनी, तो कसा वळवला, हे त्या मुलींच्या आईवडिलांनाच विचारावे लागेल. माझा तर संशय आहे की पुस्तिकेतला सर्वांत चांगला मजकूर काकूंच्या तोंडून निघेल, कारण पहाटे पाचला सर रानात उभे राहत तेव्हा गोठ्यातल्या धारा कोणीतरी काढतच असणार.

आणखी एक गोष्ट अशी की, यादी फक्त जिंकलेल्यांची नको. दहावीनंतर लग्न होऊन गेलेली, भरतीत उंचीवरून बाद झालेला, वर्षभर पळून एके दिवशी यायचाच बंद झालेला, अशी माणसे शोधून त्यांना बोलते करा. पी. टी. उषा यांचे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधले पदक सेकंदाच्या एक शतांशाने हुकले, तरी १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे गुरू नंबियार होते. पण एवढ्या उंचीवर पोहोचलेल्या शिष्याचा गुरू कोणालाही दिसतो. आपल्या सरांचे काम जिल्हा स्पर्धेपर्यंतही न पोहोचलेल्या मुलांमध्ये पसरलेले आहे, आणि ती मुले बोलल्याखेरीज ते कोणालाही दिसणार नाही.

छडीविषयी माझे मत स्पष्ट आहे : लिहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास मनाई केली, पण सरांनी छडी त्याआधी सोडली की नंतर, आणि का सोडली, हे आपल्यालाच ठाऊक असेल किंवा शोधून काढता येईल. मात्र ज्यांनी मार खाल्ला त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने लिहू नये. ‘त्या माराने आम्ही घडलो’ हे वाक्य आपल्याकडे श्रद्धांजलीत सवयीने येते. कोणाचा तसा अनुभव असेल तर त्याने स्वतःच्या नावाने ते खुशाल म्हणावे, पण ज्याने त्या छडीपायी मैदान सोडले त्याच्या आठवणीलाही त्याच पुस्तिकेत जागा मिळावी. ज्या वयात माणसे आपल्या सवयींचे समर्थन करू लागतात त्या वयात सरांनी आपली सवय मोडली, ही त्यांच्या चरित्रातली मोठी घटना आहे. छडीचा उल्लेखच गाळला तर ती घटनाही गळून पडेल.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. तीन लाख रुपये एखाद्या मित्राच्या वैयक्तिक खात्यात असतील तर ते तिथे ठेवू नका. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्याकडे द्या, नसेल तर किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदवावी आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली नोंदणीही करून घ्यावी. पुतळ्यासाठी शासकीय परवानगीची वेगळी वाट चालावी लागते आणि नंतर दर पावसाळ्याला त्याची निगा राखावी लागते, एवढे ध्यानात घेऊन काय ते ठरवा. मॅरेथॉनला माझी हरकत नाही, फक्त ती ४२ किलोमीटर १९५ मीटरची नसेल तर तिला मॅरेथॉन म्हणू नका. सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, त्यांना ते खपले नसते.

राहिला तो एकराचा तुकडा. तो सरांच्या वारसांचा आहे आणि त्यात डाळिंब लावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. वडिलांनी तो इतकी वर्षे पडीक ठेवला म्हणून मुलानेही ठेवावा, असे चारचौघांत सुचवणे म्हणजे त्याच्यावर दडपण आणणे होय, आणि तेही दुखवट्याच्या दिवसांत. आधी सातबाऱ्यावर वारस नोंद होऊ द्या. त्यानंतर त्यांनी आपण होऊन जागा वापरू देण्याची तयारी दाखवली, तर मुदत आणि अटी लिहून, तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलांना दाखवून करार करा, कारण तोंडी औदार्य पुढच्या पिढीत भांडणाचे कारण होते.

त्यांनी नकार दिला तरी सरांची धावपट्टी दुसरीकडे आखता येते. दोन खुंट्या एकमेकींपासून ४० मीटरवर ठोका आणि प्रत्येक खुंटीभोवती १८ मीटर ९० सेंटिमीटरच्या दोरीने बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा. दोन्ही अर्धवर्तुळांची टोके सरळ रेषांनी जोडली आणि आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून पळणे धरले, की एक फेरी २०० मीटरची भरते. प्रत्येकी १ मीटर २२ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या आखल्या तर जागा एकराहून किंचित जास्त लागते, त्यामुळे सरांचा तुकडा एकराचाच असेल तर त्यांनी बहुधा तीन पट्ट्यांवर भागवले असावे. त्यांच्या वहीत आकडे वेगळे निघाले तर ते चूक समजू नका, आधी बेरीज करून पाहा. वळणे लहान आणि सरळ बाजू लांब ठेवूनही २०० मीटर भरतात, आणि अरुंद रानात बहुतेक वेळा तसेच करावे लागते.