रॅम राहू द्या, आधी चार आकडे वाचा

प्रश्न : रत्नागिरीत आमचं हापूस निर्यातीचं ऑफिस आहे. मेलसाठी स्वतःचा सर्व्हर, पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर. अपलोड २० एमबीपीएस. हंगामात रोज दुपारी तीनला १८० व्यापाऱ्यांना भावपत्रक आणि पेट्यांचे फोटो जातात. प्रत्येकाला वेगळं मेल, साधारण ६ एमबीचं, जवळपास सगळे जीमेलवर. मग सगळंच रखडतं. परवा फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र क्लिअरिंग एजंटला (तोही जीमेलवर) उशिरा मिळालं आणि बोलणी मी खाल्ली. दुकानदार म्हणतो, रॅम ८ जीबीची १६ करा. करू का? भावपत्रकाच्या एका मेलची लॉगमधली ओळ : डिलेज=०.३/५३८/१०.२/६२.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, रॅमचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. ओळ पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसतं ‘मेल स्लो आहे’ लिहिणाऱ्यांना काय सांगणार, कपाळ?

आकडे सेकंदांचे. पहिला, मेल सर्व्हरने घेऊन रांगेत लावेपर्यंतचा. मशीन दमलं असतं तर बहुधा हाच फुगला असता, ०.३ म्हणजे गडी ठणठणीत. दुसरा रांगेत ताटकळण्याचा, तिसरा डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधणं) धरून समोरच्याशी जोडणी होईपर्यंतचा, चौथा प्रत्यक्ष पाठवण्याचा.

५३८ तुमच्या फोटोंनी केलेत. जोडपत्र बेस-६४ होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जातं, वजन एक तृतीयांशाने वाढतं. ६ चे झाले ८ एमबी, १८० जणांचे १.४ जीबी. लाइन काठोकाठ भरून वाहिली तरी साडेनऊ मिनिटं. त्यात पोस्टफिक्स मुळात एका डोमेनला (इथे जीमेलला) एका वेळी २० च जोडण्या करतं, म्हणून प्रमाणपत्र भावपत्रकांच्या मागे उभं. ती मर्यादा वाढवायची खुमखुमी मात्र आवरा. जयगडच्या धक्क्यावर गाड्या दोनाऐवजी चार रांगांत लावल्या म्हणून तवसाळची फेरीबोट जास्त फेऱ्या मारत नाही. शिवाय फार घाई केलीत तर जीमेल ४२१ (म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’) म्हणून दार लोटतं, आणि मेल डिफर्डमध्ये, म्हणजे पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेल्यांच्या रांगेत, जाऊन बसतं. फोटो सर्व्हरवर ठेवा, मेलमध्ये लिंक द्या. रांग उरणारच नाही.

मला खरा रस १०.२ मध्ये. जोडणीला दहा सेकंद? सावंतवाडीच्या एका काजू कारखान्यात मी हेच बघितलं होतं, आणि शहाणपणा करून आधी त्यांना एसएसडी (वेगवान डिस्क) घ्यायला लावली. ढिम्म फरक नाही. मग लक्षात आलं, उशीर पाचाच्या पाढ्यात येतोय : ५, १०, १५. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये (डीएनएससाठी कोणाला विचारायचं ते लिहिलेली फाइल) पहिली ओळ जुन्या इंटरनेटवाल्याच्या डीएनएसची, जोडणी बदलून वर्ष झालेलं. लिनक्स दर वेळी आधी त्यालाच विचारतो, पाच सेकंद वाट बघतो, मग दुसऱ्याकडे वळतो. एमएक्स (समोरचं मेल घेणारा सर्व्हर कोणता ते) विचारायला पाच, त्याचा पत्ता विचारायला पाच. एसएसडीचं बिल मालकांनी अजून विसरू दिलेलं नाही.

तुमच्याकडेही ती फाइल उघडा. मेलेला पत्ता काढा, जमलं तर सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस सर्व्हर) बसवा. तिसरा आकडा एकाच्या खाली आला नाही, तर नवी ओळ पाठवा.