निवृत्तीची पुंजी आणि एकाच तंत्रज्ञान कंपनीचा शेअर

आपण दिलेली माहिती प्रथम एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे आकडे इतर वाचकांनाही कळतील. आपले वय ५२ आहे आणि ६०व्या वर्षी निवृत्त होण्याचा विचार आहे. एकूण बचत आपल्या वार्षिक खर्चाच्या साधारण २५ पट आहे आणि त्यातील ११ पट एवढी रक्कम एकाच मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या शेअरमध्ये आहे, कारण गेल्या काही वर्षांत तो शेअर उरलेल्या सगळ्या गुंतवणुकीला मागे टाकून वाढला. आपली नोकरी त्याच क्षेत्रातील दुसऱ्या एका कंपनीत आहे. कंपनी उत्तम आहे, तिच्या व्यवसायाला पुढची वीस वर्षे मरण नाही, अशी आपली खात्री आहे. हा शेअर ठेवावा, यंदाचा बोनस घालून वाढवावा की कमी करावा, असा आपला प्रश्न आहे.

कंपनी उत्तम आहे हे आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करून पुढे लिहितो, कारण माझे उत्तर त्यावर अवलंबून नाही. निवृत्तीसाठी पैसा लावणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. व्यवसाय वाढेल का, ही पहिली. आणि मला ज्या ठराविक वर्षांत पैसे काढायचे आहेत त्याच वर्षांत त्या शेअरचा भाव काय असेल, ही दुसरी. तरुण गुंतवणूकदार दुसरीकडे दुर्लक्ष करू शकतो, कारण त्याला थांबता येते. ज्याचा पगार आठ वर्षांनी बंद होणार आहे त्याला मात्र थांबण्याची मोकळीक राहत नाही, आणि आपल्या पत्रात सारा विचार पहिल्या गोष्टीचा आहे.

या दोन गोष्टी किती दूर जाऊ शकतात याचे स्वच्छ उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. डिसेंबर १९९९ मध्ये त्या शेअरने जो उच्चांक गाठला तो ओलांडायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. या काळात कंपनी काही बुडत नव्हती. २००० ते २०१५ या आर्थिक वर्षांत तिचा महसूल (एकूण विक्री) जवळपास चौपट झाला. ज्याने १९९९ अखेरीस ‘ही कंपनी भक्कम आहे’ असे म्हटले तो शंभर टक्के बरोबर होता, आणि तरीही त्याला लाभांश (नफ्यातून भागधारकांना वाटली जाणारी रक्कम) सोडता सुमारे १७ वर्षे काहीही मिळाले नाही. लाभांशही २००३ मध्ये प्रथम सुरू झाला. इंटरनेटच्या जाळ्यासाठी उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोची गोष्ट याहून कठोर आहे. मार्च २००० मध्ये बाजारमूल्याने ती काही काळ जगातील सर्वांत मोठी कंपनी होती. इंटरनेटच्या वाढीबद्दलचा तिचा अंदाज खरा ठरला, तिची उपकरणे आजही जगभर वापरात आहेत, परंतु त्या वेळचा भाव पुन्हा दिसायला २०२५चा डिसेंबर यावा लागला. कारण साधे आहे: त्या वेळी लोक वार्षिक नफ्याच्या १०० पटींहून अधिक किंमत देत होते, म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची प्रगती भावात आधीच मोजून टाकली गेली होती. नंतर प्रगती झाली, पण तिचे पैसे अगोदरच देऊन झालेले होते.

आपण अ‍ॅमेझॉनचा दाखला दिला आहे: शेअर ९० टक्क्यांहून अधिक पडला, तरीही जे धरून बसले ते श्रीमंत झाले. हे खरे आहे. मात्र १९९९च्या डिसेंबरमधला उच्चांक अ‍ॅमेझॉनने पुन्हा २००९च्या अखेरीस पार केला, म्हणजे मध्ये सुमारे दहा वर्षे गेली. १९९९ अखेरीस निवृत्त होऊन त्याच शेअरवर घर चालवणाऱ्याने ती दहा वर्षे दरमहा पडेल भावात शेअर विकले असते आणि श्रीमंत होण्याचा काळ आला तेव्हा त्याच्याकडे फारसे काही उरले नसते. शिवाय धरून बसणे फळाला आले अशा कंपन्यांचीच नावे आपल्या लक्षात राहतात. २०००च्या मध्यास नॉर्टेल ही दूरसंचार उपकरणांची कंपनी एवढी मोठी होती की टोरांटो शेअर बाजाराच्या निर्देशांकात एकट्या तिचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक झाला होता. जानेवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे भागधारकही धीराचेच होते. वित्तशास्त्राचे प्राध्यापक हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९२६पासूनच्या अमेरिकी शेअरांचा हिशेब मांडला, तेव्हा असे आढळले की अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा जी जास्तीची संपत्ती शेअर बाजाराने निर्माण केली ती सर्वच्या सर्व सुमारे चार टक्के कंपन्यांची होती. आपली कंपनी त्या चार टक्क्यांत असू शकते. कदाचित आजवर होतीही. पुढच्या तीस वर्षांत ती तिथेच असेल यावर मात्र म्हातारपणाचा खर्च टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपले आकडे घेऊ. पुढील आठ वर्षांची वाढ बाजूला ठेवून, उद्याच निवृत्त व्हायचे आहे असे समजा. बचत २५, वार्षिक खर्च १, म्हणजे पहिल्या वर्षी चार टक्के रक्कम काढावी लागेल. हा चार टक्क्यांचा दर अमेरिकी सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये जुन्या आकडेवारीवरून काढला होता. पहिल्या वर्षी चार टक्के आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवत नेल्यास पुंजी निदान तीस वर्षे पुरली, असे त्यांना दिसले. पण त्यांनी धरलेली पुंजी अमेरिकेच्या व्यापक शेअर बाजारात आणि सरकारी रोख्यांत विभागलेली होती. एकाच कंपनीला हा नियम लावता येत नाही, ही बाब बहुतेक जण विसरतात. आता तो एक शेअर ७० टक्के पडला असे धरा. हे अतिरेकी गृहीतक नाही: नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या अकरा महिन्यांत चिप कंपनी एनव्हिडियाचा शेअर सुमारे दोन तृतीयांश पडला होता आणि फेसबुकची मालक मेटा हिची घसरण तर त्याहून वाईट होती, आणि दोन्ही कंपन्या तेव्हा नफ्यातच होत्या. (त्या दोन्ही लवकर सावरल्या, सिस्कोला मात्र पंचवीस वर्षे लागली. पडतानाच हा फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.) आपले ११ तेव्हा ३.३ होतील, एकूण पुंजी १७.३ राहील, आणि तोच खर्च भागवायला चारऐवजी जवळपास ५.८ टक्के काढावे लागतील. त्याउलट त्या शेअरमध्ये फक्त अडीच पट रक्कम असती, तर तेवढ्याच घसरणीनंतर २३.२५ उरले असते आणि दर ४.३ टक्क्यांवर थांबला असता. पहिल्या स्थितीत निवृत्ती पुढे ढकलावी लागते, दुसरीत वर्षभर एखादा मोठा खर्च टाळून भागते.

घसरण कधी येते यालाही तेवढेच महत्त्व आहे. समजा, कोणा दोघांकडे १०० एवढी पुंजी आहे आणि दोघेही दर वर्षाअखेर १० काढतात. एकाला तीन वर्षांत उणे ४०, अधिक २० आणि अधिक ५० टक्के परतावा मिळाला. दुसऱ्याला तेच तीन आकडे उलट क्रमाने मिळाले. काहीच काढले नसते तर दोघांचेही १०८ झाले असते. पैसे काढल्यामुळे मात्र पहिल्याकडे ६५ उरतात आणि दुसऱ्याकडे ८४.८. सरासरी तीच, कंपनी तीच, फरक फक्त वाईट वर्ष आधी आले की नंतर याचा. म्हणून निवृत्तीच्या अलीकडची आणि पलीकडची पाचसात वर्षे सगळ्यात नाजूक असतात. तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत हे अधिक बोचते, कारण त्या लाभांश कमी देतात किंवा देतच नाहीत: गुगलची मालक अल्फाबेट आणि मेटा यांनी तो २०२४ मध्ये प्रथम दिला, अ‍ॅमेझॉनने तर अद्याप दिलेला नाही. त्यामुळे खर्चासाठी शेअर विकण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि भाव जितका खाली तितके अधिक शेअर विकावे लागतात.

नोकरीचा मुद्दा आपण ओझरता लिहिला आहे; मी तो अधिक गंभीर मानतो. २००० ते २००२ दरम्यान तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक ७८ टक्के पडला आणि त्याच काळात त्या क्षेत्रातील नोकऱ्याही मोठ्या संख्येने गेल्या. मागणी आटली की शेअर आणि पगार यांना एकाच वेळी धक्का बसतो. ज्यांचा शेअर स्वतःच्याच कंपनीचा असतो त्यांची अवस्था याहून वाईट होते. एन्रॉन ही ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतील निम्म्याहून अधिक पैसा तिच्याच शेअरमध्ये होता. आपली कंपनी वेगळी आहे हे ठीक, पण क्षेत्र एकच आहे. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली तर निवृत्ती साठाव्या वर्षी होणार हे गृहीतकही उरत नाही.

आणखी एक तपासणी आजच करा. आपल्या उरलेल्या १४ पट बचतीचा काही भाग इंडेक्स फंडात (निर्देशांकातील सर्व कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) आहे असे आपण लिहिले आहे. तो फंड अमेरिकी किंवा जागतिक निर्देशांकाचा असेल तर त्याच्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी पाहा. अमेरिकेतील सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकात आज तंत्रज्ञान क्षेत्राचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे, त्यामुळे हा शेअर किंवा त्याचे भाईबंद आपल्याकडे तिथूनही आहेतच. मग खरे प्रमाण ४४ टक्क्यांपेक्षा (२५ पैकी ११) जास्त निघेल.

मग करायचे काय? सगळे विकून मुदत ठेवीत टाकावे असे मी सुचवणार नाही. निवृत्तीनंतर पंचवीसतीस वर्षे जगायचे असेल तर महागाई ठेवींना हळूहळू खात जाते आणि शेअर बाजारात काही भाग ठेवणे आवश्यकच असते. मात्र एका कंपनीत एकूण पुंजीच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, ही माझी मर्यादा आहे. तिच्यामागे कोणतेही सूत्र नाही. तेवढे पूर्ण शून्य झाले तरी निवृत्तीची तारीख हलत नाही, एवढेच कारण आहे. आपल्या बाबतीत ११वरून अडीचपर्यंत यायचे आहे. त्यासाठी तीन वर्षे घ्या, आणि विकायच्या शेअरांच्या संख्येचे बारा समान भाग करून दर तिमाहीला ठरलेल्या तारखेला एक भाग विका. तारीख आणि संख्या कागदावर लिहून घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही दाखवा. ‘अमुक भाव आला की विकतो’ असे ठरवू नका, कारण तो भाव आल्यावर आपणच तो वर सरकवणार. विकल्यानंतर भाव वाढला तर हळहळ वाटेल, हे आधीच गृहीत धरा. उरलेले अडीच पट त्या हळहळीवरचा उतारा म्हणूनच ठेवायचे आहेत. भांडवली नफ्यावरील कर वर्षांवर्षांत विभागल्याने तो हलका होतो का, हे आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्या, पण कर वाचवण्यासाठी विक्रीच थांबवणे मला पटत नाही: कर नफ्याच्या एका भागावर लागतो, घसरण पूर्ण रकमेवर येते.

विकून आलेला पैसा सुरुवातीला व्यापक निर्देशांकाच्या फंडात आणि रोख्यांत विभागावा, आणि ५५व्या वर्षापासून दरवर्षी थोडे थोडे बाजूला काढत ६०व्या वर्षापर्यंत निदान सहा वर्षांचा खर्च ठेवींत व अल्पमुदतीच्या रोख्यांत जमा व्हावा. सहा हा आकडा मी असा घेतो: ऑक्टोबर २००७ नंतर एस अँड पी ५०० सुमारे ५७ टक्के पडला आणि जुना उच्चांक परत यायला मार्च २०१३ उजाडला, म्हणजे साडेपाच वर्षे. व्यापक बाजारासाठी एवढी शिदोरी बहुधा पुरते. नॅस्डॅकला मात्र २०००ची पातळी गाठायला २०१५पर्यंत, म्हणजे १५ वर्षे लागली. तेवढ्या वर्षांचा खर्च रोखीत ठेवणे कोणालाच परवडत नाही, आणि म्हणून एका क्षेत्रात अडकलेल्या पुंजीला रोखीची ही व्यवस्था वाचवू शकत नाही.

भाव पडल्यावर अधिक खरेदी करून सरासरी खाली आणण्याचा जो बेत आपण शेवटी लिहिला आहे, तो निर्देशांकाच्या फंडासाठी योग्य आहे, कारण निर्देशांकातून बुडत्या कंपन्या बाहेर जातात आणि नव्या आत येतात. एका कंपनीला ही सोय नसते. त्यामुळे यंदाचा बोनस या शेअरमध्ये घालू नये. तो रोख्यांत किंवा ठेवीत टाकून वर सांगितलेल्या सहा वर्षांच्या रकमेची सुरुवात करावी. पुढच्या तिमाहीत पहिला हप्ता विकण्यापूर्वी प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव यांची यादी तयार ठेवा, म्हणजे कोणते शेअर आधी विकल्यास कर कमी पडेल हे सल्लागाराला एका बैठकीत सांगता येईल.