'सबब' म्हणजे बहाणा नव्हे, दोर!

प्रश्न असा आलाय की नोटिशीत 'सबब आपणांस कळविण्यात येते की' असं लिहिलंय, सबब म्हणजे तर बहाणा, मग सरकारी पत्रात बहाणा कसा, आणि याला सोपा शब्द कुठला?

बहाणा वगैरे काही नाही हो, तिथे सबब म्हणजे 'म्हणून', बस्. आणि कृपा करून 'सबब, त्यामुळे' असं तरी लिहू नका, सारखं वाचायला मिळतं आणि डोकं फिरतं.

खरी गंमत पुढे आहे. शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीतून आलेला, आणि अरबीत त्याचा जुना अर्थ आहे दोर! ज्याला धरून कशापर्यंत तरी पोचता येतं असा दोर, त्यावरून साधन, त्यावरून कारण. अरबी छंदशास्त्रात तर वृत्ताच्या एका छोट्या तुकड्याला सबब म्हणतात, दुसऱ्याला वतद म्हणजे खुंटी, आणि अख्ख्या शेराला बैत म्हणजे घर, वाळवंटातल्या माणसाचं घर म्हणजे तंबूच की! कविता दोर-खुंट्यांवर ताणून उभी, काय सुंदर आहे हे.

मग दोराचा बहाणा कसा झाला? माझी थिअरी अशी की कारण सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याचा विश्वासच नसतो. 'कारणं सांगू नकोस', 'पोटदुखीचं निमित्त केलं', 'सबबी नकोत', तिन्ही शब्द मूळचे सज्जन, तिघांचीही आपण तीच गत केली. त्यामुळे यात फारसीचा दोष शोधणाऱ्यांनी आधी 'कारण'कडे बघावं, ते तर शुद्ध संस्कृत आहे.

शुद्धीवाले, म्हणजे मराठीतले फारसी-अरबी शब्द काढा म्हणणारे, म्हणणार 'अतएव' लिहा. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीचा झेंडा हाती घेतला, माणूस विद्वान, पण मला हे कधीच पटलं नाही. फारसी 'परवाना' सगळ्यांना कळतो, संस्कृत 'अनुज्ञप्ती' कुणाला कळते सांगा बरं?

हां, सोपा शब्द राहिलाच. 'म्हणून' लिहा की. पण नुसता शब्द बदलून काय होणार, 'उपरोक्त विषयान्वये'पासून निघालेलं वाक्य सहा ओळींनी सबबपाशी पोचतं आणि मग 'कार्यवाही करण्यात यावी', कुणी करायची ते गुलदस्त्यात. त्यापेक्षा 'उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत आणून द्या. तो जोडलेला नाही म्हणून तुमचा अर्ज थांबवलाय.' यात सबब बसवायचीच असेल तर खुशाल बसवा, माझी हरकत नाही.