उत्तर: महालाचं तिकीट झालं, बागेचं झालं का?

सोलच्या चांगदोकगुंग महालाबद्दल तुम्ही लिहिलंय, "एजंटने पॅलेस विथ गार्डन बुक केलंय, सोमवारी सकाळी आई-बाबांना घेऊन जाणार, दीड तास पुरेल ना?" हे वाचून जुनं दुखणं वर आलं. म्हणून जरा लांबलचक लिहितो. व्हिसा, विमान, हॉटेल वगैरे तुम्ही पाहिलंच असेल.

आधी सोमवार बदला. चांगदोकगुंग सोमवारी बंद असतो. सोलमधलाच दुसरा महाल, ग्योंगबोकगुंग, मंगळवारी बंद असतो, आणि या दोन वारांची अदलाबदल एजंट लोक सर्रास करतात.

आता मुख्य मुद्दा, "विथ गार्डन". महालाचं तिकीट ३,००० वॉन. मागची राजबाग, म्हणजे हुवॉन, हिचं तिकीट वेगळं: आणखी ५,००० वॉन, ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या भाषेतल्या गाईडसोबत. महालाचं तिकीट दाखवून बागेच्या दारातून आत सोडत नाहीत. एका नावाजलेल्या टूर कंपनीने आमच्याकडून "विथ गार्डन"चे पैसे घेऊन हातात फक्त महालाचं तिकीट ठेवलं होतं. जाब विचारला तर उत्तर काय, "सर, आत झाडं आहेतच की." आता झाडं कुठे नसतात? महालाच्या एकूण आवारातला निम्म्याहून जास्त भाग म्हणजे ही बाग. ती वगळून चांगदोकगुंग पाहणं म्हणजे वेरूळला जाऊन कैलास लेणं न बघता परतणं. तेव्हा एजंटकडून बागेच्या बुकिंगची प्रत मागा. तीवर तारीख, वेळ आणि भाषा असायलाच हवी. "तिथे गेल्यावर मिळेल" असं म्हणाला तर स्वतःच बुक करा.

ऑनलाइन बुकिंग सहा दिवस आधी कोरियातल्या सकाळी १० वाजता उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. गाईडसोबतची गुरुवारची फेरी हवी असेल तर आधीच्या शुक्रवारी पहाटेच चहा घेऊन बसा. नोव्हेंबरात पानं लाल होतात तेव्हा इंग्रजी फेऱ्या बघता बघता संपतात. काही तिकिटं त्याच दिवशी खिडकीवरही मिळतात, पण त्यासाठी महाल उघडायच्या आधी, नऊच्या आत, रांगेत असलेलं बरं. (नियम आणि दर बदलत असतात, जाण्याआधी अधिकृत साइट बघाच.)

आणि तिकीट हातात असूनही फेरी हुकते ती इथे: तिकिटावरची वेळ दोनह्वामुन या मुख्य दरवाजाची नसते. बागेचं दार आत आहे, शेजारच्या चांगग्योंगगुंग महालाकडे जाणाऱ्या हाम्यांगमुन दरवाजाजवळ. मुख्य दरवाजापासून तिथवर दहा मिनिटं चाल, आई-बाबांसोबत पंधरा धरा. मेट्रोच्या अंगुक स्टेशनचा ३ नंबरचा एक्झिट धरलात तर मुख्य दरवाजापर्यंत आणखी पाचेक मिनिटं. पाऊण तास हाताशी ठेवून पोचा. आणि हाम्यांगमुन ओलांडून पलीकडे "जरा डोकावून" येऊ नका, तो वेगळा महाल आहे, त्याचं तिकीट वेगळं.

दीड तासातला बहुतेक वेळ निव्वळ बागेलाच जातो. महालाला किमान एक तास द्या. एकूण अर्धा दिवस मोकळा ठेवा. माझ्या मते महाल आधी, बाग नंतर. महालात घाई करायची तर कुठेही करा, पण इंजोंगजोनमध्ये, म्हणजे सिंहासनाच्या दालनात, मान वर करून विजेचे दिवे बघा. कोरियाचा शेवटचा सम्राट सुनजोंग या महालात राहायला आल्यानंतरचे आहेत ते. शेजारच्या सोनजोंगजोन या इमारतीची निळी कौलं चुकवू नका. पुढे ह्वीजोंगदांग या इमारतीला तर मोटार थेट दारात यावी म्हणून पोर्च काढलाय. १९१७ च्या आगीनंतर ही इमारत ग्योंगबोकगुंगमधल्या इमारती उतरवून त्यांच्या सामानातून बांधली. नाकसोनजे या निवासी वास्तूला (१८४७) मुद्दाम रंगरंगोटी केलेली नाही, तिथे लाकूड आणि खिडक्यांच्या जाळ्याच बघायच्या.

बागेत सगळे बुयोंगजी तळ्याशी फोटोंत रमतात. तळं चौकोनी आणि मधलं बेट गोल, कारण पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल ही जुनी कल्पना. समोरचं दुमजली जुहाम्नु १७७६ चं, खाली राजाचं ग्रंथालय होतं. पण गाईड पुढे निघाला की निघा, गट थांबत नाही. सगळ्यात आत ओंगन्युचोनचा ओढा आहे, खडकात कोरलेल्या वळणातून वाहणारा. तिथे मद्याचे पेले सोडून कविता रचायचे. प्रत्येक फेरी तिथवर जातेच असं नाही, बुकिंग करताना मार्ग बघा.

वाट चढउताराची आहे. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आधी सांगा, मधून परत फिरणं सोपं नाही. बागेत खायला मिळत नाही, पाण्याची बाटली घ्या, आणि बागेत शिरण्याआधी स्वच्छतागृह उरकून घ्या. रस्ता शोधायला गुगल मॅपवर विसंबू नका, तिथे नेव्हर मॅप हे कोरियन अ‍ॅप चालतं.

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने घालून गेलात तर महाल फुकट, पण बागेचे ५,००० वॉन तरीही लागतात, हे भाड्याच्या दुकानात कोणी सांगत नाही. शिवाय तो घोळदार घागरा दगडी पायऱ्यांवर पायात येतो. आईंना हौस असेल तर फोटो महालात काढा आणि बागेला साध्या बुटांत जा.