दीड एकर विकण्याआधी मुलाचं एकदा ऐका

पुणे जिल्ह्यातल्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. तालुक्याच्या गावी १९ वर्षं त्यांची ट्रॅक्टरची एजन्सी होती. कंपनीचा मालक बदलला, नव्या मालकांनी दोन तालुक्यांच्या एजन्सी एकत्र केल्या आणि यांची काढून घेतली. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला कृषी अभियांत्रिकी करून ट्रॅक्टर-अवजारांच्याच क्षेत्रात जायचंय. वडील लिहितात, ‘हा धंदा परदेशी कंपन्यांच्या घशात गेला. आपल्या पोरांना त्यात काही उरलेलं नाही. दीड एकर विकतो, पण मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरलाच घालतो. कुठलं कॉलेज बरं, तेवढं सांगा.’

नमस्कार.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही विचारलंत ते सोडून दुसरंच बोलणार आहे, त्याबद्दल राग मानू नका.

तुमच्या पत्राची तीन पानं एजन्सीवर आहेत. शोरूमचं भाडं, कंपनीने परत न घेतलेले सुटे भाग, कामावरच्या चार पोरांना घरी पाठवलं तो दिवस. वाचताना गलबलून आलं. १९ वर्षं ज्या नावाची पाटी तुम्ही दारावर लावलीत, त्या नावाने एका पत्रावर तुमचं काम संपवलं. हा अन्याय आहे आणि त्याचा राग येणं साहजिक आहे. पण त्या तीन पानांत तुमचा मुलगा कुठेच नाही. तो येतो चौथ्या पानावर, तेही मार्कांसोबत आणि एका तक्रारीसोबत.

ती तक्रार अशी, की दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास सोडून हा दोन दिवस शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरखाली पडून होता. ट्रॅक्टर नवा, ५० एचपीच्या वरचा. डॅशबोर्डवर दिवा लागलेला, इंजिन ओढ घेईना. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन चार दिवसांनी येणार होता. रानात वाफसा झालेला, गव्हाची पेरणी खोळंबलेली. तुमच्या मुलाने मल्टिमीटर लावून एकेक वायर तपासली आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला उंदराने कुरतडलेली सेन्सरची वायर शोधून काढली. ती जोडली, वर स्लीव्ह चढवली आणि दुसऱ्या दिवशी पेरणी झाली.

हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत! माझ्याकडे वर्षभरात शेकडो मुलं येतात. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं की बहुतेक जण आईकडे बघतात. तुमच्या मुलाने उत्तर हाताने करून दाखवलंय आणि तुम्ही ते त्याच्या खात्यावर गुन्हा म्हणून मांडलंत. मार्कांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. तुमची एजन्सी गेली त्याची शिक्षा त्याला होतेय, आणि हे तुमच्या लक्षातही आलेलं नाही.

आता तुमचा गैरसमज. ‘परदेशी मालक आला की इथलं संपलं’ असं तुम्ही धरून चाललाय. तुमच्याच जिल्ह्यातल्या सणसवाडीकडे बघा. जॉन डिअर या अमेरिकन ट्रॅक्टर कंपनीने तिथे १९९८ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोबरोबर भागीदारीत सुरुवात केली आणि २००५ मध्ये भागीदाराचा हिस्सा घेऊन कंपनी पूर्ण आपल्या हातात घेतली. कारखाना चालूच आहे आणि मगरपट्ट्याच्या त्यांच्या केंद्रात इंजिनिअर बसून काम करतात. उलट पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना सरकारी, म्हणजे पूर्ण आपला होता. २०१६ मध्ये तो बंद करायचं ठरलं. पंजाब ट्रॅक्टर्सने ‘स्वराज’ हा देशी बनावटीचा ट्रॅक्टर उभा केला. ती कंपनी २००७ मध्ये घेतली महिंद्राने. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये गेला चेन्नईच्या टाफे या ट्रॅक्टर कंपनीकडे. या दोन्ही व्यवहारांत घेणारे भारतीयच. एस्कॉर्ट्सची सूत्रं मात्र जपानच्या कुबोटाकडे गेली आणि २०२२ पासून नावही एस्कॉर्ट्स कुबोटा झालं. म्हणजे मालक परदेशी होणं ही एक गोष्ट आणि चार कंपन्यांच्या दोन होणं ही दुसरी. तुमची एजन्सी गेली ती दुसरीमुळे. एकाच मालकाकडे दोन नावं आली की त्याला शेजारशेजारी दोन दुकानं नको असतात. मालक लुधियानाचा असता तरी हेच झालं असतं.

प्रवाह एकाच दिशेने वाहतो असंही नाही. महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टर सुरू केले ते अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा हात धरून. ती अमेरिकन कंपनी पुढे अडचणीत आली, १९८५ मध्ये तिला शेतीयंत्रांचा व्यवसाय विकावा लागला. महिंद्रा आज संख्येने जगात सर्वाधिक ट्रॅक्टर विकते आणि २०१७ मध्ये तिने तुर्कस्तानची एर्कुंट ही ट्रॅक्टर कंपनी घेतली. टाफे आणि अमेरिकेची शेतीयंत्रं बनवणारी एजीको यांचं भांडण २०२५ मध्ये मिटलं, तेव्हा भारत, नेपाळ आणि भूतानपुरतं ‘मॅसी फर्ग्युसन’ हे ट्रॅक्टरचं नाव टाफेकडे आलं आणि एजीकोने टाफेतला आपला हिस्सा सोडला.

तुमची भीती अगदीच निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातलं बंडाबर्ग हे उसाचं गाव. ऊसतोडणी यंत्रं बनवणारी ऑस्टॉफ्ट ही कंपनी तिथली. १९९६ मध्ये ती अमेरिकेच्या ‘केस’ या कंपनीने घेतली, पुढे १९९९ मध्ये ‘केस’ आणि न्यू हॉलंड या कंपन्या एक झाल्या आणि काही वर्षांनी बंडाबर्गमधलं उत्पादन ब्राझीलला हलवलं गेलं. गावाचा कारखाना गेला. त्याच घराण्याची यंत्रं आज चाकणला बनतात आणि आपल्या साखर कारखान्यांच्या उसात फिरतात. मुलाला हे जरूर सांगा. कोणत्याही एका कंपनीच्या नावावर आयुष्य बांधू नये, हा तुमचा अनुभव त्याच्या उपयोगाचा आहे. पण ‘या क्षेत्रातच जाऊ नकोस’ हे त्या अनुभवातून निघत नाही.

खरी अडचण कुठे आहे ती तुमच्या शेजाऱ्याच्या बांधावर दिसली. चार दिवस वाट कोणाची, तर लॅपटॉपवाल्याची. २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांच्यासोबत सेन्सर, कंट्रोल युनिट, हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा असं सगळं बॉनेटखाली आलं. कंपन्या जितक्या कमी, तितका दुरुस्तीचा ताबा त्यांच्याच हातात राहतो. अमेरिकेत तर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर शेतकऱ्यांना आणि बाहेरच्या मेकॅनिकना पुरेसं मिळू देत नाही म्हणून सरकारच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअरवर खटला भरला. पाना आणि मल्टिमीटर दोन्ही चालवणारी मुलं आपल्याकडे फार थोडी आहेत. तुमच्या घरात त्यातला एक आहे.

मार्गांचं थोडक्यात सांगते. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) घेऊन एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, मग राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली यांपैकी एका कृषी विद्यापीठाचं बीटेक. पुढे एमटेक हवं तर गेट परीक्षा. डिप्लोमाचा रस्ताही वाईट नाही.

मुलालाही दोन शब्द, त्याला वाचायला द्या. बाळा, ट्रॅक्टर कंपन्यांचे डिझाइन विभाग मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलंही घेतात, सॉफ्टवेअरचीही घेतात. त्यामुळे ‘कृषी अभियांत्रिकी नाही तर काहीच नाही’ असा हट्ट धरू नकोस. तुझ्या मार्कांत चांगल्या सरकारी कॉलेजला मेकॅनिकल मिळालं, तर ते दुय्यम समजू नकोस. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिचे चाचणी अहवाल मिळवून वाच. कुठल्या ट्रॅक्टरची ओढ किती, डिझेल किती, कुठे काय झिजलं, हे त्यात सापडेल. सुरुवातीचा पगार बेताचा असेल आणि पाऊस रुसला की त्या वर्षी विक्री पडते, हेही आत्ताच कानावर असू दे.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते, कारण सल्ल्याची गरज मला तुम्हाला जास्त दिसते. जमीन विकू नका. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटसाठी दीड एकर देऊन ज्या मुलाला ते नकोय त्याला तिथे बसवलंत, तर चार वर्षांनी जमीनही नसेल आणि मुलगाही तुमच्याशी मोकळा बोलत नसेल. अशी घरं मी पाहिली आहेत.

आणि तुमच्या १९ वर्षांचं काय? कोणत्या ट्रॅक्टरचा क्लच कोणत्या रानात लवकर जातो, कोणता शेतकरी हप्ता कधी भरतो, हार्वेस्टर हंगामात बंद पडला तर सुटा भाग रात्री कुठे मिळतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एजन्सी काढून घेताना कंपनीला हे नेता आलेलं नाही. घरी पाठवलेल्या चार पोरांपैकी दोघांना परत बोलवा. सगळ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त होतील असं वर्कशॉप काढा, छोटंसंच. त्याला किती पैसे लागतील याचा कागदावर हिशेब करा आणि मग दीड एकराच्या किमतीशेजारी तो आकडा ठेवून बघा. हंगामात चार दिवस थांबायला कोणत्याच शेतकऱ्याला परवडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढचं पत्र मात्र तुमचं नको, मुलाचं हवं. ती कुरतडलेली वायर त्याला नेमकी कशी सापडली, कुठून तपासायला सुरुवात केली, मल्टिमीटरवर काय आकडे आले, हे त्याने मला सविस्तर लिहून पाठवावं. ते वाचून मग कॉलेजचं बोलू.